जनुक सापडलं, पुढे काय? जीनोमिक्समधली पीएचडी नेमकी कशावर असते

दर काही आठवड्यांनी एखादी बातमी येतेच की अमुक आजाराचं जनुक सापडलं. मधुमेहाचं सापडतं, लठ्ठपणाचं सापडतं, नैराश्याचं सापडतं. आपण वाचतो, चार जणांना फॉरवर्ड करतो आणि मग वर्षानुवर्षं त्यातून औषध वगैरे आल्याचं काही ऐकू येत नाही, तेव्हा साहजिकच वाटतं की अरे सापडलं होतं ना, मग त्याचं पुढे झालं काय? दुसरीकडे ओळखीतलं कुणीतरी जीनोमिक्समधे, म्हणजे सजीवांच्या पूर्ण डीएनएच्या अभ्यासात, पीएचडी करत असतं. विषय विचारला की "जीन रेग्युलेशन" म्हणून सांगतं, पाच-सहा वर्षं झाली तरी थीसिस सबमिट होत नाही, आणि घरच्यांनाही धड सांगता येत नाही की आपला मुलगा किंवा मुलगी दिवसभर लॅबमधे करते काय.

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. जनुक कुठे आहे हे कळणं वेगळं आणि ते कधी, कुठल्या पेशीत, किती प्रमाणात चालू होतं हे कळणं फार फार वेगळं. पहिल्या बाबतीत भरपूर काम झालंय, दुसऱ्या बाबतीत डोंगराएवढं बाकी आहे, आणि जनुक-नियंत्रणावर म्हणजे जीन रेग्युलेशनवर पीएचडी करणारी मंडळी या दुसऱ्या गोष्टीच्या मागे असतात. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. मायक्रोआरएनए नावाचे अगदी चिमुकले रेणू जनुकांचं काम कसं दाबून धरतात हे त्यांनी शोधून काढलं होतं.

आधी मुळापासून

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. ही चार रासायनिक अक्षरांची लांबलचक साखळी, ए, टी, जी आणि सी. माणसात या अक्षरांचा एक पूर्ण संच साधारण ३०० कोटींचा असतो आणि आपल्याकडे असे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. या सगळ्या मजकुराला मिळून जीनोम म्हणायचं. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याची रुंदी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण इतका लांब डीएनए इतक्या छोट्या जागेत घडी घालून ठेवावा लागतो आणि ती घडी कशी पडलीय यावर पुढचं बरंच काही ठरतं.

जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा ज्यावरून पेशी एखादं प्रथिन बनवते. आधी त्या तुकड्याची एक कच्ची प्रत काढली जाते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होतं. प्रथिनं म्हणजे शरीरातली काम करणारी मंडळी, रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन, साखर सांभाळणारं इन्सुलिन, जेवण पचवणारी एन्झाइम्स ही सगळी त्यातच आली. माणसात अशी प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास आहेत, आणि गंमत बघा, प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर असलेली अक्षरं पूर्ण जीनोमच्या जेमतेम दीड टक्का आहेत. बाकीचं काय करतं? तिथेच तर सगळा घोळ आहे.

ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट १९९० ला सुरू झाला, २००३ मधे पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी तेव्हा जवळजवळ ८ टक्के भाग वाचायचा राहिलाच होता कारण तिथे तीच तीच अक्षरं हजारो वेळा परत येतात आणि तेव्हाच्या मशीन्सना ते जुळवता येत नव्हतं. ती भोकं २०२२ मधे बुजवली गेली. म्हणजे आता अक्षरं वाचून झालीत. अर्थ लागलाय का? फारच थोडा.

सगळीकडे डीएनए तोच, मग डोळा डोळा कसा आणि यकृत यकृत कसं?

हा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि मला वाटतं शाळेत तो पुरेशा जोरात विचारलाच जात नाही. डोळ्याच्या पडद्यातली पेशी घ्या, यकृतातली घ्या, त्वचेतली घ्या, तिघींमधला डीएनए जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखाच. इन्सुलिनचं जनुक डोळ्यातल्या पेशीतही आहे, पण तिथे ते कधी चालूच होत नाही. म्हणजे पेशीची ओळख तिच्याकडे कुठली जनुकं आहेत यावरून ठरत नाही, त्यातली कुठली चालू आहेत आणि कुठली बंद आहेत यावरून ठरते.

एक मोठी इमारत डोळ्यासमोर आणा. त्यात २० हजार दिवे आहेत आणि कित्येक लाख बटणं आहेत, पण एकाही बटणावर लिहिलेलं नाही की हे कुठल्या दिव्याचं. काही बटणं दिव्याच्या अगदी खाली आहेत, काही तीन मजले सोडून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आहेत, एकाच दिव्याला दहा-दहा बटणं आहेत आणि त्यातली बरीचशी नुसती चालू-बंद करणारी नसून पंख्याच्या रेग्युलेटरसारखी कमी-जास्त करणारी आहेत. शिवाय काही खोल्यांना कुलूप आहे, आत बटण असलं तरी तिथवर हात पोचत नाही. दिवे म्हणजे जनुकं, आणि बटणं म्हणजे डीएनएचेच ते तुकडे जे स्वतः प्रथिन बनवत नाहीत पण जनुकांना चालवतात. वरच्या दीड टक्क्याच्या बाहेरच्या भागात ही बटणं विखुरलेली आहेत.

आता दोन-तीन शब्द एकदाच सांगून टाकतो म्हणजे पुढे अडचण नको. जनुकाच्या अगदी सुरुवातीला चिकटून असलेलं बटण म्हणजे प्रमोटर. लांबून काम करणारं बटण म्हणजे एन्हान्सर. आणि बटण दाबणारे हात म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, ही पण प्रथिनंच असतात, माणसात त्यांचे १६०० च्या आसपास प्रकार आहेत. प्रत्येक प्रकार डीएनएवरचा एखादा छोटासा शब्द ओळखून तिथे बसतो, सहा ते बारा अक्षरांचा वगैरे. एवढा छोटा शब्द ३०० कोटी अक्षरांत लाखो ठिकाणी सापडतो, पण तो फॅक्टर त्यातल्या थोड्याच ठिकाणी प्रत्यक्ष बसतो, त्यामुळे नुसती अक्षरं वाचून बटण ओळखता येत नाही.

कुलूपबंद खोल्यांचं पण सांगायला हवं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, एकेका गोळ्याभोवती साधारण १४७ अक्षरजोड्या. जिथे हे गुंडाळणं घट्ट आहे तिथे सहसा कुणी पोचू शकत नाही, जिथे सैल आहे तिथे बटणं मोकळी असतात. यकृताच्या पेशीत एक भाग सैल असेल, मेंदूच्या पेशीत तोच घट्ट बंद असेल.

हे सगळं एका दिवसात कळलेलं नाही. जनुकं चालू-बंद होतात ही कल्पना फ्रँस्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी १९६१ मधे बॅक्टेरियावरून मांडली, लॅक्टोज साखर समोर आली की ती पचवणारी जनुकं चालू होतात, नसली की बंद. त्यावर १९६५ चं नोबेल मिळालं. लांबून काम करणारं बटण मात्र १९८१ मधे झुरिचला वॉल्टर शाफनर यांच्या लॅबमधे दिसलं. एका विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा जनुकापासून हजारो अक्षरं लांब ठेवला, उलटा करून ठेवला, तरी ते जनुक शंभरपटीहून जास्त जोरात चालू होत होतं. आज मोठमोठ्या प्रकल्पांनी मिळून माणसाच्या जीनोममधे अशा ९ लाखांहून जास्त संभाव्य बटणांची यादी केलीय. संभाव्य हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यातलं कुठलं खरंच काय करतं हे फार थोड्यांच्या बाबतीत सिद्ध झालंय.

दिवा चांगला, बटण खराब

जन्मतः हाताला किंवा पायाला सहावं बोट असणारी माणसं आपण बघतो. त्यातल्या काही कुटुंबांमधे कारण शोधलं तेव्हा सॉनिक हेजहॉग नावाचं, बोटांची रचना ठरवणारं जनुक एकदम ठणठणीत निघालं. बिघाड होता त्या जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरं लांब असलेल्या एका बटणात, आणि तोही एका अक्षराचा. हे बटण दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेलं आहे, त्या जनुकाचा बोटांशी काही संबंध नाही. १० लाख अक्षरं म्हणजे मधे अख्खी दुसरी जनुकं येऊन जातात, पण घडीमुळे ही दोन टोकं एकमेकांजवळ येतात आणि बटण आपलं काम करतं.

आणि हा अपवाद नाही. मधुमेह, हृदयविकार, दमा, संधिवात अशा नेहमीच्या आजारांचा डीएनएशी संबंध शोधायला लाखो लोकांचे जीनोम तपासले गेलेत, आणि आजाराशी जोडलेले जे बदल सापडले त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास जनुकांच्या मजकुरात नाहीत, बाहेर आहेत. म्हणजे बहुतेक ठिकाणी दिवा गेलेलाच नाही, कुठल्यातरी बटणाचं थोडं कमी-जास्त झालंय. म्हणून बातमीतलं "जनुक सापडलं" हे वाक्य बऱ्याचदा अर्धवट असतं. सापडलेली असते एक जागा, त्या जागेजवळचं जे जनुक असेल त्याचं नाव बातमीत येतं.

"लठ्ठपणाचं जनुक" आणि सात वर्षांनी लागलेला पत्ता

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एफटीओ. २००७ मधे असं दिसलं की या जनुकातल्या काही अक्षरांचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे दोन्ही संचांत आहे त्यांचं वजन सरासरी सुमारे ३ किलो जास्त असतं. जगभर गाजलं ते, लठ्ठपणाचं जनुक म्हणून. मग साहजिकच लॅबच्या लॅब एफटीओ काय करतं याच्या मागे लागल्या. अडचण अशी होती की तो बदल एफटीओच्या प्रथिनाच्या मजकुरात नव्हता, जनुकाच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यात होता, आणि ज्यांच्याकडे तो बदल आहे त्यांच्यात एफटीओ कमी-जास्त झालेलंही नीट दिसत नव्हतं.

२०१४ मधे कळलं की तो पट्टा म्हणजे बटण आहे आणि ते सुमारे ५ लाख अक्षरं लांब असलेल्या आयआरएक्स३ नावाच्या वेगळ्याच जनुकाला जाऊन भिडतं. ज्या उंदरांमधे आयआरएक्स३ काढून टाकलं ते २५ ते ३० टक्के हलके निघाले. २०१५ मधे आणखी एक गट थेट त्या एका अक्षरापर्यंत पोचला. तिथे टीच्या जागी सी आला की एक आवर घालणारं प्रथिन तिथे बसू शकत नाही, मग आयआरएक्स३ आणि त्याचं शेजारी आयआरएक्स५ जास्त चालू राहतात, आणि चरबीच्या पेशी तयार होताना ऊर्जा जाळण्याऐवजी साठवण्याकडे झुकतात. त्यांनी माणसांच्या पेशींमधे ते एक अक्षर क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापून बदलायच्या तंत्राने, बदलून परत टी केलं तर पेशींची वागणूकही बदलली. आता एफटीओचा वजनाशी काहीच संबंध नाही असंही म्हणता येत नाही, उंदरांमधे ते बंद केलं तर उंदीर बारीक राहतातच, त्यामुळे या गोष्टीत अजून वाद आहेत. पण सात वर्षं जवळजवळ सगळ्यांचं लक्ष ज्या दिव्याकडे होतं तो दिवा त्या बटणाचा नव्हता, हे मोठं शिक्षण होतं सगळ्या क्षेत्रासाठी.

मग पीएचडीवाले दिवसभर करतात तरी काय

थोडक्यात, लाखो बटणांपैकी एखादं किंवा एखादा गट घेऊन तो कुठल्या दिव्याचा आहे हे शोधतात. सुरुवातच कठीण असते, कारण डीएनएतली शेजारची अक्षरं पिढ्यान् पिढ्या एकत्रच पुढे जातात, त्यामुळे आजाराशी जोडलेली जागा सापडते तेव्हा एकटं अक्षर सापडत नाही, पन्नास-शंभर अक्षरांचा घोळका सापडतो आणि त्यातलं खरं दोषी कुठलं, बाकी नुसती सोबत आलेली कुठली, हे वेगळं करावं लागतं. मग बघायचं की यातली कुठली अक्षरं त्या आजाराशी संबंधित पेशीत मोकळ्या जागेत आहेत. यासाठी २०१३ पासून अटॅक-सीक नावाची पद्धत आहे, एक एन्झाइम सोडतात जे फक्त सैल डीएनएमधेच शिरू शकतं, ते जिथे शिरलं ते तुकडे वाचले की कुलूप कुठे नाही ते कळतं. मग तिथे कुठला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बसतो ते बघायचं, मग ती जागा घडी पडल्यावर कुठल्या जनुकाजवळ येते ते बघायचं, आणि शेवटी क्रिस्परने ते बटण तोडून किंवा दाबून धरून पेशीतली सगळी जनुकं मोजायची की कुठलं कमी झालं. चार ओळीत लिहिलं, पण यातल्या एकेका पायरीला वर्ष वर्ष जातं.

का जातं? एक तर पेशी जिवंत असतात. त्यांना वेळेवर खाऊ घालावं लागतं, सुट्टी असो नसो, आणि मायकोप्लाझ्मासारखा डोळ्यांना न दिसणारा जंतू त्यात शिरला तर महिन्यांचं काम टाकून द्यावं लागतं. दुसरं, योग्य पेशी मिळणंच मुश्कील. मेंदूचा आजार असेल तर जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशी कुठून आणणार? मग त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी मागे नेऊन मूळ पेशी करायच्या, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा, शिन्या यामानाका यांनी २००६ मधे उंदराच्या पेशींवर दाखवलं की फक्त चार फॅक्टर घालून हे जमतं, आणि त्या मूळ पेशींपासून परत मेंदूच्या पेशी वाढवायच्या, त्यातच काही महिने जातात.

आणि मग आकडेवारी. इथे बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. समजा तुम्ही बटण तोडलं आणि २० हजार जनुकं मोजली. विज्ञानात नेहमी वापरतात ती ५ टक्क्यांची मर्यादा लावली, म्हणजे काहीच झालेलं नसताना निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर २० हजाराचे ५ टक्के म्हणजे १ हजार जनुकं. काहीही न होता हजार जनुकं बदलल्यासारखी दिसणार! त्यामुळे कडक गाळणी लावावी लागते, प्रयोग परत परत करावा लागतो, आणि पहिल्या वर्षी अगदी भारी वाटलेला निकाल तिसऱ्यांदा करताना विरघळून जातो. पीएचडीतल्या निराशेचा मोठा हिस्सा इथून येतो असं मला वाटतं, आणि त्यात त्या विद्यार्थ्याची काही चूक नसते.

बॅचचा, म्हणजे नमुने कुठल्या खेपेत मोजले त्याचा घोळ तर याहून फसवा. २०१४ मधे एका पेपरने म्हटलं की जनुकांच्या चालू-बंद असण्यावरून बघितलं तर माणसाचं हृदय उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच यकृताशी जास्त जुळतं. आश्चर्यकारक निकाल होता, सगळ्या समजुतीच्या उलट. २०१५ मधे योआव गिलाड यांनी मूळ डेटा उघडून बघितला तर माणसाचे बरेचसे नमुने एका खेपेत आणि उंदराचे दुसऱ्या खेपेत मशीनवर गेले होते. तो खेपेचा फरक हिशोबातून काढल्यावर हृदय हृदयाशी आणि यकृत यकृताशी जुळलं. म्हणून चांगला गाईड पहिल्याच मीटिंगला विचारतो की नमुने कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, कुणी तयार केले, आणि विद्यार्थ्याला तेव्हा हे प्रश्न फालतू वाटतात.

बारीक त्रास तर कितीतरी. सेप्ट१, मार्च१ अशी नावं असलेली जनुकं एक्सेलमधे टाकली की ती आपोआप तारखा व्हायची, सप्टेंबर महिन्याची एक तारीख, मार्चची एक तारीख. २०१६ मधे तपासणी झाली तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपर्सपैकी सुमारे एक पंचमांशात ही चूक सापडली. शेवटी २०२० पर्यंत जनुकांचीच नावं बदलावी लागली. तसंच जीनोमचा २००९ चा नकाशा आणि २०१३ चा नकाशा यात जागांचे नंबर वेगळे आहेत, दोन फायली दोन नकाशांतल्या असतील आणि लक्षात आलं नाही तर सगळं गणित भलत्याच जागी जातं.

आणि सगळं बरोबर करूनही बटण तोडल्यावर काहीच झालं नाही तर? असं होतं, वारंवार होतं. २०१८ मधे एका गटाने उंदरांमधे हातापायांच्या वाढीशी संबंधित १० एन्हान्सर एकेक करून काढले, एकाही उंदराच्या पायात दिसण्यासारखा फरक पडला नाही. मग एकाच जनुकाची दोन-दोन बटणं एकदम काढली तेव्हा पाय बिघडले. म्हणजे शरीराने महत्त्वाच्या दिव्यांना जादाची बटणं ठेवलेली आहेत. आता एखाद्याच्या पीएचडीत पहिला अर्धाच भाग झाला आणि दुसऱ्याला वेळच उरला नाही, तर त्याच्या थीसिसमधे दिसणार "काहीच परिणाम नाही", आणि व्हायव्हाला ते समजावून सांगताना घाम फुटणार. पण ती माहिती पण खरी माहितीच आहे.

९८ टक्के डीएनए कचरा असतो, असं ऐकलं होतं

अर्धं खरं. २०१२ मधे एन्कोड नावाच्या मोठ्या प्रकल्पाने म्हटलं की जीनोमच्या ८० टक्के भागात काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते, आणि लगेच बातम्या आल्या की कचरा वगैरे काही नाही, सगळंच कामाचं. त्यावर बऱ्याच शास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली आणि मला ती टीका पटते. एखाद्या जागी काहीतरी चिकटलं किंवा तिथून थोडा आरएनए निघाला म्हणजे त्याचा शरीराला उपयोग आहे असं होत नाही. उत्क्रांतीत जो भाग जपला गेलाय, म्हणजे बदलला तर नुकसान होतं असा भाग, तो २०१४ च्या एका अंदाजानुसार सुमारे ८ टक्के आहे. जवळपास निम्मा जीनोम तर उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यांच्या जुन्या अवशेषांनी भरलाय. तर बराच भाग खरंच निरुपयोगी असू शकतो, पण प्रथिनांच्या दीड टक्क्याच्या कितीतरी पट जास्त भाग कामाचा आहे, आणि तो नेमका कुठला हे अक्षरांवर लिहिलेलं नसतं.

एका बटणासाठी पाच वर्षं घालवून काय मिळतं?

हा प्रश्न रास्त आहे, कारण पैसे शेवटी बहुतेक वेळा लोकांच्या करातून येतात. म्हणून एका बटणाची पूर्ण गोष्ट सांगतो.

सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर चुकीचं असतं, त्यामुळे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, असह्य वेदना होतात. पण गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनतं, ते जन्मानंतर हळूहळू बंद होतं. ज्यांच्यात ते थोडं चालू राहतं त्यांना सिकल सेलचा त्रास कमी होतो, हे डॉक्टरांना जुनं माहीत होतं. प्रश्न एवढाच की ते बंद कोण करतं? २००७-०८ च्या सुमाराला मोठ्या पाहण्यांमधे बीसीएल११ए नावाच्या जनुकाजवळची जागा पुढे आली. २००८ मधे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या हार्वर्डच्या लॅबमधे विजय शंकरन यांनी, तेव्हा ते एमडी-पीएचडीचे विद्यार्थी होते, दाखवलं की बीसीएल११ए हेच गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून धरतं.

मग ते सरळ काढून टाकायचं? तसं करता येत नाही, कारण बीसीएल११ए मेंदूला लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना लागतं. इथे बटणांचा अभ्यास कामाला आला. २०१३ मधे त्याच लॅबमधून दाखवलं गेलं की लोकांमधे सापडलेले ते बदल बीसीएल११एच्या पोटातल्या एका एन्हान्सरमधे आहेत आणि तो एन्हान्सर फक्त लाल रक्तपेशींच्या वंशात काम करतो. म्हणजे दिवा तसाच ठेवून एका खोलीतलं एकच बटण तोडायचं. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्परने त्या बटणात अगदी नेमक्या जागी काप घ्यायचा आणि पेशी परत घालायच्या. हा उपचार कॅसजेवी नावाने नोव्हेंबर २०२३ मधे ब्रिटनने मंजूर केला, क्रिस्परवर आधारलेला जगातला पहिला मंजूर उपचार. अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मान्यता दिली.

अडचणीही सांगायलाच हव्यात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, आणि पेशी परत घालण्याआधी जबर केमोथेरपी घ्यावी लागते. ज्यांना हा आजार सगळ्यात जास्त आहे अशा बहुतेक लोकांना तो आज परवडणारा नाही आणि हे मला खूप लागतं. पण २००८ ते २०२३ हा रस्ता बघा, जागा सापडणं, जनुक सापडणं, बटण सापडणं, ते बटण फक्त एकाच पेशीत चालतं हे सिद्ध करणं, आणि मग औषध. पंधरा वर्षं, आणि त्यातली एक मधली पायरी जरी गाळली असती तरी उपचार धोकादायक ठरला असता. बातमीतलं "जनुक सापडलं" हे या रस्त्यावरचं पहिलं पाऊल असतं, म्हणून लगेच औषध दिसत नाही.

विचार बदलले की जनुकं बदलतात, असं सांगतात ते?

नाही. एपिजेनेटिक्सचं नाव घेऊन असले दावे फार फिरतात. डीएनएच्या अक्षरांना हात न लावता त्यावर रासायनिक खुणा लागतात आणि त्यामुळे जनुकं कमी-जास्त चालू होतात, एवढं खरं आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधे भीषण उपासमार झाली, तेव्हा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात असलेल्या लोकांमधे साठेक वर्षांनंतरही एका जनुकावरच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी सापडल्या. म्हणजे परिस्थितीचा ठसा राहू शकतो. पण तो फरक लहान होता, आणि त्यावरून कुणी अमुक कोर्स करून तुमची जनुकं सुधारतो म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

आता एआय आलं, मग हे प्रयोग कशाला?

जून २०२५ मधे गूगल डीपमाइंडने अल्फाजीनोम नावाचं मॉडेल आणलं. एका वेळी १० लाख अक्षरं वाचून त्यात कुठे बटण आहे, एखादं अक्षर बदललं तर कुठलं जनुक किती कमी-जास्त होईल याचा अंदाज ते देतं, आणि अंदाज चांगले आहेत. पीएचडी करणाऱ्यांना याचा फायदाच आहे, कारण शंभर अक्षरांच्या घोळक्यातून आधी कुठली दहा तपासायची हे ठरवता येतं, महिने वाचतात. पण ज्यांनी ते बनवलं त्यांनीच सांगितलंय की १ लाख अक्षरांहून लांब असलेल्या बटणांचा परिणाम पकडणं अजून अवघड जातं, आणि एखाद्या व्यक्तीचा जीनोम देऊन तिचं आरोग्य सांगण्यासाठी ते बनवलेलंच नाही. सहाव्या बोटाचं बटण १० लाखांवर आहे आणि लठ्ठपणाचं ५ लाखांवर, हे आठवून बघा.

शिवाय ते शिकलं कशावर? वर सांगितल्या तशा अटॅक-सीक वगैरे प्रयोगांच्या हजारो फायलींवर, ज्या बनवायला जगभरातल्या लॅबमधल्या मुलामुलींनी रात्री-अपरात्री पेशी सांभाळल्या होत्या. त्या फायलींमधे सहज वाढणाऱ्या पेशी भरपूर आहेत. गर्भातल्या काही दिवसांपुरत्या येऊन जाणाऱ्या पेशी, आजारी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, अशांची मोजमापं मात्र फार कमी आहेत, आणि आत्तापर्यंत तपासलेले बहुतेक जीनोम युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्यामुळे बाकीच्या जगातले बदल तर यादीतही पुरेसे आलेले नाहीत. तिथे मॉडेलच्या अंदाजाला फारसा आधार नाही, आणि आत्ता सुरू असलेल्या बऱ्याच पीएचडी नेमक्या अशाच पेशींवर आणि अशाच लोकांच्या नमुन्यांवर चाललेल्या आहेत.